निदानाआधीची सात वर्षे : मणक्याचा दाहक संधिवात

मणक्याचा दाहक संधिवात सुरू होतो तो बहुधा विशी-पंचविशीत आणि त्याला नाव मिळते ते तिशी गाठता गाठता किंवा ती ओलांडल्यावर. जगभरच्या अभ्यासांचा २०२१ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पहिले लक्षण आणि निदान यांच्यात सरासरी ६.७ वर्षांचे अंतर निघाले. भारतातल्या रुग्णांवर अगरवाल आणि मालवीय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच अंतर ६.९ वर्षे होते. दोन्ही आकडे विचार करायला लावणारे आहेत. केवळ गरिबी किंवा इस्पितळांची टंचाई हेच उशिराचे कारण असते, तर ते एकमेकांच्या इतके जवळ आले नसते. बंगळुरूसारख्या शहरात हे अधिक ठळकपणे दिसते. तिथे एमआरआयची यंत्रे वस्तीवस्तीत आहेत, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे, चानरेसारखे याच विकारांना वाहिलेले इस्पितळ आहे. तरीही तरुण रुग्ण वर्षानुवर्षे पट्टा बांधून आणि गोळ्या घेऊन दिवस काढतात. यंत्र हाताशी असते. यंत्रापर्यंत नेणारा नेमका प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

या रोगाचे जुने आणि अधिक परिचित नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. एक्स-रेत बदल दिसण्याआधीची अवस्थाही त्यात धरली की त्या सगळ्या गटाला आता अॅक्सिअल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात. रशियात बेख्तेरेव्ह, जर्मनीत श्ट्र्युम्पेल आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी १८९३ ते १८९८ या काळात त्याची वर्णने केली. तिघांपुढचे रुग्ण पुढे वाकून गोठलेले, मान न वळणारे होते. पाठ्यपुस्तकांत हेच चित्र पुढे पाऊण शतक टिकले आणि उशिराचे पहिले बीज तिथेच पडले. विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे रोगाचा शेवट असतो. दवाखान्यात मात्र समोर येतो तो ताठ चालणारा, चांगला खातापिता दिसणारा तरुण. सकाळी उठवत नाही, एवढीच त्याची तक्रार असते.

नेहमीच्या आमवातात सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते. इथे रोगाचे मूळ ठाणे वेगळे आहे. कंडरा आणि अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात, तिथे दाह सुरू होतो. त्याची सर्वांत आवडती जागा म्हणजे सॅक्रोइलिअॅक सांधा. कमरेखाली पाठीवर दोन खळगे दिसतात, त्यांच्या आत खोलवर, त्रिकास्थी आणि नितंबाचे रुंद हाड जिथे एकमेकांना भिडतात, तिथे हा सांधा असतो. तो जवळजवळ हलत नाही, बाहेरून सुजलेला दिसत नाही, हाताला गरम लागत नाही. गुडघा सुजला तर घरातल्या आजीलाही कळते, पण हा सांधा सुजल्याचे डॉक्टरलाही बघून कळत नाही. दाह ओसरताना शरीर त्या जागी नवे हाड घालत जाते. मणक्यांच्या कडांवरून हाडाचे नाजूक पूल उगवतात आणि वर्षांमागून वर्षे गेल्यावर एक्स-रेत पाठीचा कणा बांबूसारखा सलग, पेरापेरांचा दिसतो. या सगळ्याची गती इतकी मंद असते की दुखण्यात चढउतार होत राहतात, मधले काही महिने बरेही जातात आणि 'गेलं वाटतं' म्हणून विषय मागे पडतो.

त्यात कंबरदुखी ही सार्वत्रिक तक्रार. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली झालेल्या त्या पाहणीत जवळपास १८ टक्के प्रौढांना हाडा-सांध्याचे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. त्यांतले बहुतेक दुखणे कष्टाचे, वयाचे किंवा स्नायूंचे होते. तीन महिन्यांहून अधिक काळ कंबर दुखणाऱ्या शंभर जणांत सुमारे पाच जणांना दाहक संधिवात असतो, असा पाश्चात्त्य देशांतल्या प्राथमिक दवाखान्यांतला अंदाज आहे. म्हणजे पंचाण्णव वेळा 'काही नाही, स्नायू आखडलाय' हे उत्तर बरोबरच ठरते. वारंवार बरोबर ठरलेल्या उत्तराची सवय जडते आणि उरलेल्या पाच जणांना तेच उत्तर मिळते.

बंगळुरूत या सवयीला शहराने आणखी खाद्य पुरवले आहे. व्हाइटफील्डला किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत दहा तास खुर्चीत बसणाऱ्या मुलाची कंबर दुखते, यात कुणाला नवल वाटत नाही. आउटर रिंग रोडवरची वाहतूक, खड्ड्यांतून जाणारी दुचाकी, वाढलेले वजन, चुकीची गादी अशी कारणे रुग्ण स्वतःच मांडतो आणि डॉक्टर मान डोलावतो. कारणे खोटी नसतात, म्हणूनच ती फसवतात. खुर्चीने दुखणारी कंबर शनिवार-रविवारी लोळून सुधारते. दाहाने दुखणारी कंबर रविवारी अधिक बिघडते, कारण विश्रांती हाच तिचा शत्रू. पहाटे तीन-चारच्या सुमारास दुखण्याने जाग येते, कूस बदलताना कण्हायला होते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखे राहते. मग चालणे-फिरणे, गरम पाण्याची आंघोळ झाली की दहा-अकरापर्यंत मोकळे वाटते. दुखणे कधी डाव्या नितंबात, कधी उजव्या. अँड्रेई केलिन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये यातलीच काही लक्षणे गोळा करून साधी प्रश्नावली केली होती: चाळिशीच्या आत सुरुवात, हळूहळू वाढ, तीन महिन्यांहून अधिक काळ, सकाळचा ताठरपणा आणि व्यायामाने आराम. तिला ना रक्त लागते ना वीज. पण गर्दीच्या ओपीडीत 'कुठे दुखतं?' विचारले जाते आणि 'कधी दुखतं?' हे राहून जाते. संध्याकाळच्या ओपीडीत आलेला रुग्ण तर त्या वेळी बराच मोकळा झालेला असतो. त्याची पाठ तपासून काही हाती लागत नाही.

पहिला मुक्काम औषधाच्या दुकानात होतो. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा त्याच जातीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते आणि या रोगात ती फार चांगली लागू पडते. इतकी की एक-दोन दिवसांत ठळक आराम पडणे हे निदानाला बळकटी देणारे लक्षण मानले जाते. म्हणजे जी गोष्ट ओळख पटवायची, तीच ओळख लांबवते. गोळी घेतली की ऑफिसला जाता येते, सोडली की पुन्हा आखडते, आणि ही ये-जा दोन-तीन वर्षे सहज चालते. योगासनांचेही तसेच. सूर्यनमस्काराने खरोखरच बरे वाटते, म्हणून सवयीने बसून राहण्याचाच दोष होता अशी खात्री पटते. हाडवैद्याकडे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी आणि काळजीची आहे. आंध्रातल्या पुत्तूरच्या पद्धतीने हाडे बसवणारे बंगळुरूत ठिकठिकाणी आहेत. जखडू लागलेल्या मणक्याला जोराचा हिसका देणे घातक ठरू शकते, कारण सांधलेला कणा वरून भक्कम दिसला तरी आतून ठिसूळ असतो.

दुसरा मुक्काम हाडांच्या डॉक्टरांकडे आणि तिथून एमआरआयकडे. हा टप्पा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण सर्वांत जास्त पैसा इथे खर्च होतो आणि सर्वांत जास्त दिशाभूलही. चिठ्ठीवर 'एमआरआय एल. एस. स्पाइन' असे लिहिलेले असते. या चित्रणाचा रोख कमरेच्या मणक्यांवर, त्यांमधल्या चकत्यांवर आणि नसांवर असतो. सॅक्रोइलिअॅक सांधे चौकटीच्या कडेला ओझरते येतात किंवा येतच नाहीत. त्या सांध्यातला दाह दिसायचा तर सांध्याच्या तिरप्या पातळीत काप घ्यावे लागतात आणि चरबीचा संकेत दाबणारी 'स्टर' नावाची पद्धत वापरावी लागते. तेव्हा हाडाच्या मगजातली सूज पांढरी उमटते. हे न सांगता मागवलेला अहवाल ठरलेल्या भाषेत येतो: चौथ्या-पाचव्या मणक्यात आणि त्याखाली चकतीला फुगवटा, नसेवर किंचित दाब. रुग्णाच्या घरी याचे 'मणक्यात गॅप आलाय' किंवा 'नस दबलीय' असे रूपांतर होते आणि शोध थांबतो, कारण कारण सापडलेले असते. वास्तविक असे फुगवटे निरोगी माणसांतही सर्रास दिसतात. अमेरिकेत १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता आणि सगळ्या चकत्या निर्दोष निघाल्या त्या फक्त ३६ टक्क्यांच्या. पंचविशीतल्या मुलाच्या अहवालात फुगवटा निघाला, तर तो त्याच्या पहाटेच्या दुखण्याचे कारण असेलच असे नाही. त्यावर पट्टा, ट्रॅक्शन आणि तीन आठवडे सक्तीची विश्रांती दिली की दाहक संधिवाताच्या रुग्णाला नेमके नको ते मिळते.

यात एक शाब्दिक गोंधळही भर घालतो. वयाने मणक्यांची झीज होते तिला स्पॉन्डिलोसिस म्हणतात, पण आपल्याकडे मानेला कॉलर लावलेला प्रत्येक जण 'स्पॉन्डिलायटिस' झाल्याचे सांगतो. त्यामुळे खरा स्पॉन्डिलायटिस असल्याचे कानावर पडले तरी पुष्कळांना त्यात गंभीर काही वाटत नाही.

क्षयाची सावली हा भारतीय उशिराचा खास भाग. राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ साली बंगळुरूतच स्थापन झाली आणि देशाच्या क्षयनियंत्रणाचा पाया तिथल्या संशोधनाने घातला. ज्या देशात क्षय इतका पसरलेला, तिथे तरुणाची न थांबणारी पाठदुखी, थोडे घटलेले वजन आणि रक्तातला ईएसआर हा दाहाचा आकडा वाढलेला पाहून डॉक्टरला कण्याचा क्षय आठवणे अगदी स्वाभाविक आहे. अगरवाल-मालवीय यांच्या अभ्यासातही काही रुग्णांवर आधी क्षयाचा शिक्का बसलेला होता. दोन्ही रोगांत फरक करता येतो. क्षय बहुधा शेजारच्या दोन मणक्यांना आणि मधल्या चकतीला एकाच जागी पोखरतो, गळू करतो, संध्याकाळचा ताप आणतो, आणि सॅक्रोइलिअॅक सांध्यात गेला तर सहसा एकाच बाजूच्या. दाहक संधिवात सुरुवातीला एका बाजूला असला तरी पुढे बहुधा दोन्ही सांधे धरतो. पण अपवाद आहेतच. जुनाट रोगात चकतीभोवतीचे हाड झिजून एक जखम तयार होते, अँडरसन यांनी १९३७ मध्ये तिचे वर्णन केले. चित्रणात ती क्षयासारखीच दिसते. मग ऊतीचा तुकडा न तपासता, केवळ संशयावर वर्ष-दीड वर्ष क्षयाची औषधे चालतात. त्या काळात दुखणे आपोआप ओसरले तर औषधाला यश मिळाले असे वाटते, ओसरले नाही तर औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाची शंका येते. रोगाचे स्वतःचे चढउतारच या दोन्ही गैरसमजांना खतपाणी घालतात.

कर्नाटकात आणखी एका साथीने निदाने झाकली. २००६ मध्ये देशात चिकुनगुन्याचे सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक कर्नाटकातले होते. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन् महिने दुखतात हे खरेच. पण एकदा हे स्पष्टीकरण घराघरांत पोचले की पुढे कुणाचाही घोटा सुजला, टाच दुखली तरी 'तो ताप येऊन गेला असेल' असे म्हणायची सोय झाली.

मणक्याचा हा रोग मणक्यापुरता राहत नाही, आणि त्याची इतर लक्षणे वेगवेगळ्या दारांशी जातात. साधारण चारांतल्या एका रुग्णाला कधी ना कधी डोळ्याच्या पुढच्या भागाचा दाह होतो. एक डोळा एकदम लाल होतो, उजेड सहन होत नाही, दिसणे धूसर होते. असा रुग्ण १८९६ पासून चालत आलेल्या मिंटो नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणी जातो, थेंब घेतो, दोन-चार आठवड्यांत बरा होतो. सहा महिन्यांनी दुसरा डोळा. नेत्रतज्ज्ञाला कंबर माहीत नसते, हाडांच्या डॉक्टरला डोळा माहीत नसतो, आणि रुग्णाच्या मते दोन्हींचा एकमेकांशी संबंध असायचे काही कारणच नसते. डब्लिनमध्ये अशा डोळ्यांच्या रुग्णांना पद्धतशीर प्रश्न विचारून तपासले तेव्हा सुमारे ४० टक्क्यांमध्ये तोवर निदान न झालेला याच गटातला संधिवात निघाला. सोरायसिस त्वचेच्या डॉक्टरकडे, रक्त पडणारे जुलाब पोटाच्या डॉक्टरकडे, सकाळी टाच टेकवत नाही म्हणून चपलांच्या दुकानात, असे एकाच रोगाचे तुकडे शहरभर विखुरतात. मोठ्या शहरात हे विखुरणे अधिक, कारण तिथे प्रत्येक अवयवाचा तज्ज्ञ आहे आणि रुग्ण थेट त्याच्याकडे जातो. सगळे घर ओळखणारा फॅमिली डॉक्टर असता तर 'तुझ्या काकांनाही असंच होतं' हे त्याच्या लक्षात राहिले असते.

स्त्रियांना उशीर अधिक होतो. युरोपातल्या मोठ्या पाहणीत पुरुषांना सरासरी ६.१ वर्षे लागली, तर स्त्रियांना ८.२. हा पुरुषांचा रोग असून प्रमाण एका स्त्रीमागे दहा पुरुष असे जुन्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असे. आता एक्स-रेत दिसणाऱ्या रोगात ते दोन-तीनास एक मानतात आणि एक्स-रेपूर्व अवस्थेत जवळपास समान. स्त्रियांत एक्स-रेतले बदल सावकाश होतात, मान आणि खांद्यांचे दुखणे अधिक असते, म्हणून फायब्रोमायल्जिया किंवा 'टेन्शन' असे निदान होते. आपल्याकडे त्याहून सोपे उत्तर तयार असते. बाळंतपणानंतर कंबर दुखू लागली की सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनावर खापर फुटते, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांवर पाच वर्षे निघून जातात.

मुलांत तर सुरुवातीला पाठ बहुधा दुखतच नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा एक गुडघा सुजतो, टाच दुखते, खुबा आखडतो, आणि खेळताना लागल्याचे निमित्त असतेच. भारतीय रुग्णांत खुबा धरण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. पाठीकडे लक्ष जाईपर्यंत खुब्याची झीज पुढे गेलेली असते.

रक्ताच्या तपासणीवरही नको तितका भरवसा असतो. ईएसआर आणि सीआरपी बऱ्याच रुग्णांत चक्क सामान्य येतात. आमवाताचा आरए फॅक्टर इथे सहसा नसतोच, तरी 'संधिवाताची टेस्ट निगेटिव्ह' म्हणून रुग्णाला परत पाठवले जाते. एचएलए-बी२७ या वारशाने येणाऱ्या खुणेचा या रोगाशी असलेला संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथे स्वतंत्रपणे उघडकीस आला. वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत घट्ट जनुकीय संबंधांपैकी तो एक. मात्र ही खूण असलेल्या शंभर जणांत साधारण पाच जणांनाच रोग होतो, आणि ती नसतानाही रोग होऊ शकतो. जर्मन रुग्णांच्या २००३ मधल्या पाहणीत खूण असलेल्यांचे निदान सरासरी ८.५ वर्षांनी झाले, नसलेल्यांचे ११.४ वर्षांनी. पॉझिटिव्ह अहवाल पाहून निरोगी माणूस घाबरतो, निगेटिव्ह पाहून आजारी माणूस निश्चिंत होतो.

उशिराचा काही वाटा शास्त्राने स्वतःच घातलेल्या अटींचाही होता. १९८४ च्या सुधारित न्यूयॉर्क निकषांत एक्स-रेमध्ये सॅक्रोइलिअॅक सांध्याचा स्पष्ट बिघाड दिसल्याशिवाय रोगाचे नाव देता येत नसे, आणि तो बिघाड दिसायला काही वर्षे लागतात. त्यात पोटातल्या वायूच्या आणि मळाच्या सावल्या त्या सांध्यावर पडतात, त्यामुळे सौम्य बदलांवर दोन तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने एमआरआयला निकषांत स्थान दिले, तसेच बी२७ आणि सोबतची दोन लक्षणे हा दुसरा मार्गही खुला केला. अर्थात मुळात हे निकष अभ्यासासाठी रुग्ण निवडायचे आहेत, दवाखान्यात शिक्का मारायचे नाहीत. धावपटूंत आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांतही त्या सांध्यात सूज दिसते. चित्र एकटे वाचले तर उशिराऐवजी चुकीचे निदान होण्याची भीती असते.

शिंप्याच्या टेपने करायच्या तपासण्या यामुळे अजून बाद झालेल्या नाहीत. रुग्णाला सरळ उभे करून कमरेच्या दोन खळग्यांना जोडणाऱ्या रेषेवर पेनाने खूण करतात, तिच्या वर १० सेंटिमीटरवर आणि खाली ५ सेंटिमीटरवर आणखी दोन. गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगितले की वरच्या-खालच्या खुणांमधले १५ सेंटिमीटर निरोगी तरुणात २० च्या पुढे जातात. जखडलेल्या कमरेत ते १७-१८ वर अडते, जरी खुब्यातून वाकून बोटे जमिनीला टेकत असली तरी. शोबर यांनी १९३७ मध्ये सुचवलेल्या चाचणीचे हे सुधारित रूप. मग छातीभोवती टेप धरून खोल श्वास घ्यायला लावतात. घेर अडीच सेंटिमीटरनेही वाढला नाही, तर बरगड्यांचे सांधेही धरले आहेत असे समजायचे. शेवटी भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभे राहायला सांगतात, डोके मागे टेकते का ते पाहायला. पाच मिनिटांत हे सगळे होते. सुरुवातीच्या रोगात या मापांत काहीच सापडत नाही, हेही तितकेच खरे. पण पुढच्या वर्षी तुलना करायला आधीचे माप कुठे तरी लिहिलेले लागते.

हे मोजमाप पूर्वी फक्त नोंदीपुरते होते, कारण द्यायला वेदनाशामक गोळ्या आणि व्यायाम यांखेरीज फारसे काही नव्हते. आमवातात चालणारे मेथोट्रेक्सेट मणक्यावर काम करत नाही, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ देणे योग्य मानत नाहीत. २००३ पासून टीएनएफ या दाहकारक द्रव्याला अडवणारी इंजेक्शने या रोगासाठी मान्य होऊ लागली, पुढे आयएल-१७ या दुसऱ्या दाहकारक द्रव्याला अडवणारी आली, आणि अलीकडे तोंडाने घ्यायची टोफासिटिनिबसारखी औषधेही. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कॅडिलाने अॅडालिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाची जगातली पहिली समतुल्य आवृत्ती बाजारात आणली आणि किंमत उतरली, तरी मध्यमवर्गीय घराला ती जडच जाते. टीएनएफ अडवला की शरीरात दबून राहिलेला क्षय उफाळू शकतो, म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्ताची क्षयचाचणी सक्तीची असते. ज्या क्षयाने आधी निदान अडवले, तो उपचाराच्या दारातही पुन्हा भेटतो.

दाह चालू आहे तोवर ही औषधे तो शांत करतात. हाड एकदा सांधले की ते सुटे करणारे औषध नाही. उशिरा आलेल्या रुग्णालाही दुखणे आणि सकाळचा ताठरपणा यांपासून पुष्कळ आराम मिळतो, गेलेला खुबा बदलता येतो, रोजच्या व्यायामाने श्वास आणि उरलेली हालचाल राखता येते. वाकलेली मान वर येत नाही आणि सांधलेला कणा न्हाणीघरात घसरून पडण्यानेही मोडू शकतो. अशा रुग्णाच्या पडण्यानंतरचे नवे दुखणे साधे धरू नये आणि एक्स-रे निर्दोष दिसला तरी सीटी किंवा एमआरआय करून घ्यावे, कारण सांधलेल्या मणक्यातली बारीक चीर साध्या चित्रात सहज निसटते.